साइटवर लीन कसं सुरू करायचं: मुंबईतल्या नव्या इंजिनीअरसाठी

"उद्या स्लॅब आहे. पाइप पूर्ण होतील ना?"

"हो जायेगा साहेब."

मुंबईतल्या कुठल्याही साइटवर हा संवाद दिवसातून दहा वेळा होतो. पुनर्विकासाच्या एका इमारतीवर मी ज्युनिअर इंजिनीअर होतो, तेव्हा याच 'हो जायेगा'च्या भरवशावर सकाळी आठला पंप लावला आणि आरएमसी, म्हणजे प्लँटमधून येणारं तयार काँक्रीट, मागवलं. मिक्सर गेटवर आले तेव्हा वर इलेक्ट्रिशियनची दोनच मुलं होती आणि निम्म्या स्लॅबमध्ये कंड्युट, म्हणजे वायरिंगचा पाइप, पडलेलाच नव्हता. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे, रिटार्डरची (काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून घालायच्या रसायनाची) वेगळी सोय नसेल तर मिक्सरमध्ये माल भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा व्हायला हवा. प्लँटपासून साइटपर्यंत यायलाच तास गेला होता. दोन गाड्या परत पाठवाव्या लागल्या.

त्या दिवशी सगळे इलेक्ट्रिशियनवर ओरडले. तो गप्प राहिला. पुढे कधीतरी कळलं की सुधारित ड्रॉइंग त्याच्या हातात आदल्या दुपारी पडलं होतं, आणि तोवर फिटरने सळयांची वरची जाळी बांधून टाकल्यामुळे पाइप सरकवायला जागाच उरली नव्हती. 'होईल का' असं त्याला सगळ्यांनी विचारलं होतं. 'व्हायला काय काय लागेल' हे कोणीच विचारलं नव्हतं. लीन म्हणजे हा दुसरा प्रश्न वेळेवर आणि योग्य माणसाला विचारण्याची शिस्त. बाकीचे तक्ते, चिठ्ठ्या आणि टक्केवारी ही त्या शिस्तीची साधनं.

थोडी पार्श्वभूमी

लीनचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आणि माल दोन्हींची टंचाई असताना ताइइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यातून ग्राहकाला काहीच मिळत नाही असं प्रत्येक काम शोधून काढायला सुरुवात केली. त्याला जपानीत 'मुदा' म्हणतात, म्हणजे वाया गेलेलं. १९९२ मध्ये लॉरी कोस्केला या फिनिश संशोधकाने स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना हा विचार बांधकामाला कसा लागू पडेल यावर अहवाल लिहिला. पुढे ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट सुरू केली. बॅलार्ड यांच्या पद्धतीचं नाव 'लास्ट प्लॅनर', म्हणजे शेवटचा नियोजक. उद्या सकाळी कोण कुठे काय करणार हे जो ठरवतो तो, म्हणजे आपल्याकडे मुकादम, फोरमन आणि तुमच्यासारखा साइट इंजिनीअर. या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ साली चेन्नईत भरली होती, त्यामुळे हे परक्या मुलखातलं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

कारखाना आणि साइट यांत एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकते आणि माणूस जागेवर उभा असतो. आपल्याकडे इमारत जागेवर असते आणि माणसांच्या टोळ्या तिच्यातून सरकतात: सेंट्रिंग, फिटर, लाइटवाला, गवंडी, प्लंबर, टाइलवाला, पेंटर. एकाची जागा मोकळी झाल्याशिवाय दुसऱ्याला पाय ठेवता येत नाही. त्यामुळे साइटवरचा बहुतेक वेळ कामात जात नाही, तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम जाताना सांडतो.

पहिलं पाऊल: एक दिवस नुसतं बघा

पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. एक वही घ्या, एक टोळी निवडा आणि तिच्या जवळ थांबा. दर दहा मिनिटांनी एकच खूण करा: काम चालू आहे, तयारी चालू आहे, की थांबलंय. मुकादमाला आधीच सांगा, "दादा, तुमची हजेरी नाही घेत. तुमचं काम कुठे अडतंय ते बघतोय." हे सांगितलं नाही तर दिवसभर तुम्हाला नाटक दिसेल.

मी पहिल्यांदा हे केलं ते सातव्या मजल्यावरच्या प्लॅस्टरच्या टोळीसोबत. दोन गवंडी, तीन बिगारी. गवंडी नऊ वाजता तयार होते. माल खाली कालवायचा आणि हॉइस्टने वर आणायचा, पण त्याच हॉइस्टवर ब्लॉकवाल्यांची खेप चालू होती. पहिलं घमेलं भिंतीपाशी यायला पावणेदहा वाजले. मग पालख (उभं राहायची परांची) बांधलेली खोली सोडून दुसऱ्याच खोलीत भिंत तयार आहे असं निघालं, तेव्हा पालख हलवली. अकराच्या सुमारास एक बिगारी पिण्याचं पाणी आणायला खाली गेला तो वीस मिनिटांनी आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या वहीत 'काम चालू'च्या खुणा निम्म्याहून कमी होत्या. त्या पाच जणांपैकी आळशी एकही नव्हता. दर दोन मजल्यांवर पाण्याचा पिंप ठेवा आणि हॉइस्टच्या वेळा वाटून द्या, एवढ्या दोनच गोष्टींनी त्या टोळीची दुपार बदलली.

ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले आहेत. ते पाठ करत बसण्यापेक्षा साइटवर त्यांचे चेहरे ओळखा. वाट पाहणं वर आलंच. सळई तीनदा उचलून तीन जागी ठेवली ती हलवाहलव. पाण्यासाठी सात मजले उतरणं ही फुकटची पायपीट. पोडियमवर चार महिने पडलेल्या टाइलचे खोके हा साठा. स्वयंपाकघराचं ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आत ब्लॉकची भिंत उभी केली, ते गरजेआधी केलेलं काम. ती भिंत नंतर फुटतेच. भिंत ओळंब्यात नाही म्हणून १२ मिलिमीटरचं प्लॅस्टर २५ मिलिमीटरचं झालं, तर त्या भिंतीला दुपटीहून जास्त माल गेला. हे जास्तीचं काम. आणि सातवा प्रकार दुरुस्ती, तो सगळ्यांना माहीत असतो.

दुसरं पाऊल: छोटी जागा निवडा आणि साहेबांकडून एक शब्द घ्या

संपूर्ण प्रोजेक्टवर एकदम लीन लावायला जाऊ नका. एक विंग किंवा कामांची एक साखळी घ्या आणि आठ आठवडे ठरवा. नव्या माणसाला स्लॅबची साखळी बरी पडते, कारण ती पुन्हापुन्हा येते. एका वेळी चुकलेलं पुढच्या स्लॅबला सुधारता येतं.

सुरू करण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरकडून एकच शब्द घ्या: आठवड्याच्या बैठकीत कोणी 'नाही होणार' म्हणालं, तर त्याला झापायचं नाही. हा शब्द मिळत नसेल, तर मिळेपर्यंत थांबा आणि तोवर पहिलं पाऊलच चालू ठेवा. ज्या बैठकीत 'नाही' म्हणणाऱ्याला बोलणी बसतात, तिथे सगळे 'हो' म्हणतात, आणि मग तुमचा तक्ता कितीही सुंदर असो, तो खोटा असतो.

तिसरं पाऊल: शेवटापासून मागे या

साइट ऑफिसच्या भिंतीवर ब्राउन पेपर लावा. प्रत्येक टोळीला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या द्या. ज्यांना लिहायची अडचण आहे त्यांच्यासाठी शेजारी बसून तुम्ही लिहा, पण चिठ्ठी त्यांनीच चिकटवायची. उजव्या टोकाला पहिली चिठ्ठी लावा: 'आठवा स्लॅब भरला'. मग विचारा, "याच्या लगेच आधी काय झालेलं असलं पाहिजे?" पोअर कार्डावर (काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर) सह्या. त्याआधी? चेकिंग. त्याआधी? वरची जाळी. असं डावीकडे सरकत या.

आमच्या अशा पहिल्या बैठकीत भिंतीसमोर फिटरचा मुकादम आणि इलेक्ट्रिशियन उभे होते. फिटर म्हणाला, "मेरा दो दिन, नीचे-ऊपर दोनों जाली." इलेक्ट्रिशियनने हळूच सांगितलं, "बीच में मेरे को आधा दिन चाहिए, जाली ऊपर आने से पहले." फिटरने त्याच्याकडे बघितलं. दोघं तीन वर्षं एकाच साइटवर होते, रोज एकमेकांच्या कामावर चिडत होते, आणि ही गोष्ट समोरासमोर पहिल्यांदाच बोलत होते. शेवटी फिटरनेच तोड काढली: लिफ्टच्या बाजूची अर्धी खालची जाळी आधी बांधून देतो, तू तिथे पाइप टाक, तोवर मी दुसरी बाजू करतो. त्या अर्ध्या दिवसाचं भांडण कायमचं मिटलं. ही तोड मी ऑफिसात बसून काढली असती, तर तिला कोणी विचारलं नसतं.

इथे एक गोष्ट हट्टाने सांगतो. चिठ्ठ्या मागे सरकवताना काही दिवस असे असतात की त्यांना हात लावायचा नाही. आयएस ४५६:२००० प्रमाणे साध्या सिमेंटला, प्रॉप (खालचे टेकू) लगेच परत लावायचे असतील तर स्लॅबचं तळाचं शटरिंग ३ दिवसांनी काढता येतं. प्रॉप मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस राहिले पाहिजेत. बीमचे प्रॉप ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. फ्लाय अॅश असलेलं सिमेंट असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारून ही मुदत ठरवा. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०. वेळ वाचवायची ती वाट पाहण्यातली. काँक्रीटला घट्ट व्हायला लागणारा वेळ ही नासाडी नाही. लीनच्या नावाखाली कोणी प्रॉप लवकर काढायला सांगितलं, तर काम थांबवा.

चौथं पाऊल: अडथळ्यांची वही

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, आणि नवे लोक नेमकं हेच पाऊल गाळतात.

दर आठवड्याला पुढच्या सहा आठवड्यांची कामं समोर घ्या. प्रत्येक कामाला हे प्रश्न विचारा: शेवटचं मंजूर ड्रॉइंग हातात आहे का? माल आलाय का, किंवा कधी येणार? माणसं किती, आणि ती त्या आठवड्यात गावी तर नाहीत? यंत्र, क्रेन, हॉइस्ट मोकळं आहे का? आधीचं काम पूर्ण आणि तपासलेलं आहे का? जागा रिकामी आहे का? परवानगी? सुरक्षेची सोय? ज्याचं उत्तर 'नाही' ते वहीत उतरवा. त्यापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. 'परचेस डिपार्टमेंट' हे नाव होत नाही. माणसाचं नाव लिहा. वहीतलं नाव बऱ्याचदा मुकादमाचं नसतं, ते आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या कोणाचं, परचेसवाल्याचं, नाहीतर तुमचं स्वतःचं असतं. साइट का थांबते ते या वहीतून दिसतं.

मुंबईत या वहीत काही नोंदी हमखास येतात, त्या आधीच धरून चाला. महापालिकेकडून आधी आयओडी (अटींसह पहिली मंजुरी), मग जोत्यापर्यंतची सीसी (काम सुरू करायचं प्रमाणपत्र), जोतं तपासून झाल्यावर पुढची सीसी असा क्रम असतो. जोत्याचं काम संपायच्या दिवशी अर्जाची आठवण झाली तर अख्खी टोळी बसून राहते. जोत्याच्या तपासणीची नोंद सहा आठवडे आधी वहीत आली पाहिजे.

गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात बंदी असते आणि या वेळा रस्त्यानुसार आणि अधिसूचनेनुसार बदलतात. तुमच्या प्लँटपासून साइटपर्यंतच्या रस्त्याच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून पक्क्या करून भिंतीवर लावा. रात्री भरू म्हणाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आहे, आणि शेजारच्या सोसायटीतून तक्रार आली की पंप मध्येच बंद करावा लागतो. अर्धवट भरलेला स्लॅब आणि नको तिथे पडलेला जुन्या-नव्या काँक्रीटचा जॉइंट यापेक्षा तो स्लॅब दोन भागांत आखून भरणं परवडतं. धुळीचंही तसंच. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांत पत्र्याचं उंच कुंपण, पाणी फवारणी, झाकलेल्या गाड्या आणि गेटवर चाकं धुण्याची सोय सांगितलेली आहे. यातलं काही राहिलं तर काम थांबवण्याची नोटीस येऊ शकते, म्हणून तीही वहीतलीच नोंद.

मग पाऊस. मुंबईत मोसमी पाऊस यायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतायची ८ ऑक्टोबर. जवळपास चार महिने. खोदाई आणि तळघराच्या भिंती मेअखेर जमिनीच्या वर आल्या नाहीत, तर पावसाळाभर पंप लावून पाणी उपसत बसावं लागतं. बाहेरचं प्लॅस्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग जूनच्या आत उरका, किंवा सरळ ऑक्टोबरनंतर धरा. जुलैत 'उघडीप मिळाली की करू' असं लिहिलेलं काम नियोजनात धरू नका.

आणि गाव. गणपतीला कोकणातली माणसं जाणार, दिवाळी आणि छठला उत्तरेकडची, होळीला पुन्हा, ईदला आणखी काही. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी साइटवर त्याचं आश्चर्य वाटतं. मुकादमाला दोन महिने आधी विचारा, "मामा, तुमच्यातले किती जाणार, परत कधी येणार?" तो खरं सांगतो, कारण तिकीट त्याने आधीच काढलेलं असतं.

पाचवं पाऊल: आठवड्याचा शब्द

शनिवारी दुपारी अर्धा तास सगळे मुकादम एकत्र. पुढच्या आठवड्यासाठी फक्त तीच कामं घ्यायची ज्यांच्यापुढे अडथळ्यांच्या वहीत काही उरलेलं नाही. प्रत्येक मुकादम स्वतःच्या तोंडाने सांगतो: कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, कुठल्या दिवशी संपणार. 'प्लॅस्टर चालू' असं लिहू नका. 'सातवा मजला, ७०२, दोन्ही बेडरूमचं आतलं प्लॅस्टर, गुरुवार संध्याकाळ' असं लिहा. सोबत प्रत्येक टोळीसाठी एक-दोन तयार कामं राखीव ठेवा, म्हणजे काही अडलं तर माणसं बसणार नाहीत.

पुढच्या शनिवारी मोजा. २० कामांचा शब्द दिला होता, १३ पूर्ण झाली, तर ६५ टक्के. ९० टक्के झालेलं काम शून्य धरायचं. हे मुकादमांना सुरुवातीला फार कठोर वाटतं. त्यांना दाखवा: बाथरूममध्ये एक कोपरा राहिला असेल, तर टाइलवाला आत जाऊ शकतो का? नाही ना? मग त्याच्या दृष्टीने ते काम झालेलं नाही.

पहिला आकडा वाईट येईल. बॅलार्ड आणि हॉवेल यांनी सुरुवातीला अमेरिकेतल्या साइटवर मोजलं तेव्हा तिथेही सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपासच होती. आकडा फळ्यावर लिहा, पण त्यावरून कोणाचे पैसे कापू नका आणि दोन मुकादमांची तुलना करू नका. तसं केलंत की पुढच्या आठवड्यापासून सगळे सोप्या कामांचाच शब्द देतील आणि आकडा ९५ वर जाऊन बसेल, इमारत मात्र तिथेच.

खरी कमाई न झालेल्या सात कामांच्या कारणांत आहे. आमच्याकडे एकदा बाथरूमची टाइल तीन आठवडे ओळीने राहिली. का? पाणी भरून ठेवलेल्या चाचणीत खालच्या छताला ओल आली. का? वॉटरप्रूफिंगच्या थराला भोक होतं. का? प्लंबरने नंतर येऊन नहाणी ट्रॅपची जागा सरकवली. का? ट्रॅपची जागा टाइलच्या आखणीशी जुळत नव्हती. का? टाइलची आखणी प्लंबरला कधी दाखवलीच नव्हती. पाचव्या 'का'ला जे सापडलं त्याचा उपाय एक कागद होता: आखणीची प्रत, वॉटरप्रूफिंगच्या आधी, प्लंबरच्या हातात. त्यानंतर आम्ही प्रत्येक नव्या प्रकारच्या बाथरूमचं पहिलं बाथरूम सगळ्या टोळ्यांना एकत्र उभं करून पूर्ण करायला लागलो. त्यात चार दिवस जास्त जातात, आणि ते द्यावेत.

रोज सकाळी दहा मिनिटं, उभ्याउभ्या, मुकादमांची भेट घ्या. काल काय राहिलं, आज कोण कोणाच्या जागेत जाणार, हॉइस्ट कोणाला किती वाजता. खुर्च्या मांडल्या की दहा मिनिटांचा तास होतो.

माल: सळईचं उदाहरण

मुंबईत प्लॉट एवढा अरुंद असतो की साठा करायला जागाच नसते. ही अडचण तुम्हाला लीन व्हायला मदत करते, फक्त गाडी यायच्या दिवसाचं नियोजन हवं. टाइल मजल्यागणिक मागवा आणि आल्या दिवशी त्या मजल्यावर चढवा. सिमेंटच्या थप्पीत दहाहून जास्त गोण्या चढवू नका, आणि आधी आलेली आधी वापरता येईल अशी वाट ठेवा. जागा नेटकी ठेवायच्या 'फाइव्ह एस'बद्दल खूप वाचायला मिळेल. साइटपुरतं एवढंच धरा, की प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा असावी आणि नसलेली वस्तू लांबून कळावी.

सळईचा हिशेब मात्र बारकाईने बघा. सळई १२ मीटरची येते. १६ मिलिमीटरच्या सळईतून साडेचार मीटरचे तुकडे कापायचे असतील तर एका सळईत दोन निघतात आणि ३ मीटर उरते. १६ मिलिमीटरचं वजन मीटरला १.५८ किलो, म्हणजे सळईमागे ४.७४ किलो बाजूला पडलं. पन्नास सळया कापल्या की २३७ किलो. आता बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांब कापायची त्याचा तक्ता) चाळून बघा: त्याच स्लॅबच्या बीममध्ये आधारावरच्या जादा सळया ३ मीटरच्या असतील, तर दोन्ही एकाच सळईतून कापता येतात आणि उरतं शून्य. हे फिटर मुकादमाला कळतं. पण त्याच्या हाती शेड्यूल एकेका बीमचं सुटंसुटं पडतं. त्याला पूर्ण स्लॅबचं शेड्यूल एकत्र द्या, कापायच्या आधी दोन दिवस.

फिनिशिंग: टोळ्यांची गाडी

आठ आठवडे स्लॅबवर हात बसला की हे करा. समजा १४ मजले, ६ टोळ्या, आणि प्रत्येकीला एका मजल्यावर ४ दिवस लागतात. टोळ्या एकामागून एक मजला पकडत गेल्या तर एकूण वेळ: १४ आणि ६ मिळून २०, त्यातून १ वजा, १९; गुणिले ४, म्हणजे ७६ दिवस. आता मजल्याचे दोन भाग करा, प्रत्येक भागाला २ दिवस. २८ भाग, ६ टोळ्या: ३३ गुणिले २, म्हणजे ६६ दिवस. कोणीही जास्त वेगाने काम केलेलं नाही, दहा दिवस फक्त वाट पाहण्यातून निघाले. भाग आणखी बारीक करायचा मोह होतो. तो आवरा. टोळी वारंवार हलवण्यातही वेळ जातो, आणि एक टोळी अडखळली की मागची सगळी गाडी थांबते. सुरुवातीला दर पाच-सहा भागांनंतर एक मोकळा दिवस ठेवा.

पैशाबद्दल

याबद्दल बैठकांत कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मुकादमाला चौरस फुटाच्या दराने पैसे मिळतात. मोठ्या सपाट भिंती त्याला परवडतात; डक्ट, जांब (दार-खिडकीच्या कडा), बाथरूमचे कोपरे परवडत नाहीत. तो मोठ्या भिंती सगळ्या मजल्यांवर उरकतो आणि कोपरे मागे ठेवतो. त्यामुळे प्रत्येक मजला ९० टक्के होतो आणि एकही पूर्ण होत नाही. यावर भाषण देऊन उपयोग नाही. कोपऱ्यांना वेगळा, जास्त दर द्या, किंवा पूर्ण झालेल्या फ्लॅटवर बिल काढा. आणि ते बिल वेळेवर काढा. पंधरा दिवसांचे पैसे अडले, की मुकादम आपली अर्धी माणसं दुसऱ्या साइटवर पाठवतो. त्याने तसं करणं बरोबरच आहे, त्यालाही खालच्या माणसांना आठवड्याची खर्ची द्यायची असते. बिलाची तारीख हीसुद्धा अडथळ्यांच्या वहीतली नोंद आहे. तिच्यापुढे बिलिंग इंजिनीअरचं नाव लिहा.

पहिल्या दोन शनिवारी फळ्यावर फारसं काही लिहिलं जाणार नाही, मुकादम एकमेकांकडे बघतील आणि तुमच्याच तोंडून तारखा ऐकायची वाट पाहतील. तारीख सांगू नका, थांबा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कोणीतरी उभा राहील आणि म्हणेल, "नही होगा साहेब, कोर कटिंग बाकी है." त्याचं ते काम लगेच यादीतून काढा, जागी राखीव काम द्या, आणि सगळ्यांसमोर तिथूनच कोर कटिंगवाल्याला (काँक्रीटमध्ये पाइपसाठी भोकं पाडणाऱ्याला) फोन लावा.